फोटो नॉर्मल आला, मग पोटात काय होतं?

पत्राचा गोषवारा: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईनं लिहिलं आहे. मुलगा नऊ महिन्यांचा. दीड महिन्यापूर्वी एका दुपारी तो अचानक किंचाळून रडायला लागला. पाय पोटाशी घ्यायचा, पाच मिनिटांत शांत व्हायचा, थोड्या वेळानं पुन्हा तेच. दोन उलट्या झाल्या. दात येत असतील, दृष्ट लागली असेल असं घरात ठरलं आणि बेंबीभोवती हिंगाचा लेप लागला. संध्याकाळी दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी पोटाचा एक्स-रे काढला. ‘फोटो नॉर्मल आहे, गॅस झालाय’ असं सांगून थेंब लिहून दिले. रात्री उलटी हिरवी झाली. पहाटे लंगोटात लाल, चिकट शी दिसली. तेव्हा बाळाला सोलापूरला नेलं. तिथे सोनोग्राफीत आतड्यात आतडं शिरल्याचं दिसलं आणि गुदद्वारातून सलाईनचं पाणी दाबानं सोडून, ऑपरेशन न करता ते सोडवलं. बाळ आता ठणठणीत आहे, पण घरात वाद चालू आहेत. यजमानांना पहिल्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार करायची आहे. सासूबाईंच्या मते एवढ्याशा जिवाला उगाच किरण लागले, आणि मुळात हे सगळं रोटाच्या, म्हणजे जुलाबावरच्या लशीच्या, डोसामुळे झालं. सहा वर्षांच्या मोठ्या मुलीचं पोट अधूनमधून दुखतं, तर तिचाही एकदा फोटो काढून खात्री करून घ्या, असं नातेवाईक म्हणतात. बाई विचारतात, ‘मूल पोट धरून रडायला लागलं की आधी एक्स-रेचा आग्रह धरायचा, की एक्स-रेला नाहीच म्हणायचं? आणि मे महिन्यात बाळाला घेऊन माहेरी जाऊ की नको?’

ताई, सप्रेम नमस्कार.

लंगोटातली शी बघितल्यावर तुम्ही उजाडायची वाट न बघता सोलापूर गाठलंत, म्हणून पाण्याच्या दाबावर भागलं. या दुखण्यात उशीर झाला की अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि मग पोट उघडण्याखेरीज इलाज राहत नाही. घरात सध्या कुणाचं काय चुकलं याचा हिशोब चालला आहे. त्यात ही जमेची बाजू कुणी मांडलेली दिसत नाही, म्हणून मी ती आधी मांडते.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही, तुमचे यजमान आणि नातेवाईक यांची मतं वेगळी आहेत, पण पोटात जे असेल ते फोटोत दिसतं, हे सगळ्यांनीच धरून ठेवलं आहे. यजमानांना वाटतं की ते फोटोत होतं आणि डॉक्टरांना दिसलं नाही. तुम्हाला वाटतं, आणखी लवकर फोटो काढला असता तर बरं झालं असतं का. मुलीच्या बाबतीत नातेवाईकांना वाटतं, फोटो काढला की खात्री होईल. मी लहान मुलांची सर्जन आहे. असे फोटो रोज बघते, आणि मला शंका आहे ती या धरून ठेवलेल्या गोष्टीबद्दलच.

तो फोटो घरात असेल तर काढा आणि खिडकीच्या उजेडात धरा. काळं दिसतं ती हवा. पांढरी ती हाडं: कणा, बरगड्या, कमरेची हाडं. बाकी सगळं करडं. त्या करड्या रंगात यकृत आहे, स्नायू आहेत, आतड्यातलं पाणी आहे आणि खुद्द आतड्याची भिंतही आहे. मेख इथेच आहे. पोटातल्या मऊ गोष्टींमध्ये एक्स-रेला फारसा भेद करता येत नाही. आतडं म्हणून फोटोत जे दिसतं तो आतड्यातल्या हवेचा आकार असतो. ज्या वेटोळ्यात हवा नाही, नुसतं पाणी साचलंय, ते कितीही फुगलेलं असलं तरी फोटोत नीट उठून दिसत नाही.

‘गॅस झालाय’ या शब्दांनी तर किती घरांना खोटा धीर दिला असेल! तान्ह्या बाळाच्या पोटाच्या फोटोत हवा असायलाच हवी. रडताना, दूध ओढताना बाळ हवा गिळत असतं. जन्मानंतर साधारण दिवसभरात ती हवा पार गुदाशयापर्यंत पोचते आणि पुढे कायम सगळीकडे पसरलेली दिसते. उलट्या करणाऱ्या बाळाच्या फोटोत हवा फारशी दिसलीच नाही, तर आम्ही सावरून बसतो. गॅस दिसला म्हणजे गॅसचा त्रास आहे असं नव्हे, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांनाही वारंवार सांगते.

दुसरी अडचण वयाची. मोठ्या माणसाच्या फोटोत लहान आतडं कुठलं आणि मोठं कुठलं, ते आतड्याच्या घड्यांवरून ओळखता येतं. तान्ह्या बाळात त्या घड्या नीट उमटत नाहीत, त्यामुळे फुगलेलं वेटोळं नेमकं कुठलं हे सांगणं अवघड जातं. उभा फोटो काढला तर हवा वर आणि पाणी खाली बसून आडव्या रेघा दिसतात. अडथळ्यात त्या दिसतात हे खरं, पण साध्या जुलाबातही दिसतात. म्हणजे फोटो सदोष दिसला तरी विचार करावा लागतो आणि निर्दोष दिसला तरी करावा लागतो.

तुमच्या बाळाला जे झालं त्यात सदऱ्याची बाही आत ओढली जावी तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात सरकतो. बहुतेक वेळा लहान आतड्याचं शेवटचं टोक मोठ्या आतड्यात शिरतं. तीन महिने ते तीन वर्षं हे त्याचं वय, त्यातही पहिल्या वर्षाच्या मधल्या महिन्यांत सर्वांत जास्त. सर्दी किंवा जुलाबाच्या विषाणूमुळे आतड्याच्या भिंतीतल्या गाठी सुजतात आणि त्यांना धरून आतडं पुढे ओढलं जातं, असं बहुतेक मुलांत मानलं जातं. आतडं आकुंचन पावलं की कळ येते, सैल पडलं की बाळ शांत होतं. तुम्ही पत्रात लिहिलेलं ‘पाच मिनिटांत शांत, मग पुन्हा तेच’ हे वाचल्याबरोबर मला निदान सुचलं होतं, ते यामुळे. एक्स-रे मात्र यात पुष्कळ वेळा साधा दिसतो. उजव्या बाजूला खाली हवा कमी असणं, तिथे एखादी करडी सावली असणं, एवढंच हाती लागतं, आणि तेही प्रत्येकात नाही.

हे दुखणं ओळखायला आणि सोडवायला एक्स-रे लागतोच असं नाही, याचा जुना दाखलाही आहे. कोपनहेगनच्या हॅराल्ड हिर्शस्प्रुंग या बालरोगतज्ज्ञानं गुदद्वारातून पाण्याचा दाब देऊन आतडं सोडवण्याच्या उपचारावर १८७६ मध्ये लिहिलं. राँटजेनला एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये. मुलाची कळ बघून आणि पोटावर हात ठेवून ते हे ओळखत होते. अर्थात तेव्हा पुष्कळ मुलं दगावतही होती, त्यामुळे त्या काळाचं कौतुक तेवढ्यापुरतंच. आज सोनोग्राफीत हे आतडं इतकं स्वच्छ दिसतं की सरावाच्या हातातून ते क्वचितच सुटतं. सोनोग्राफीला किरण लागत नाहीत, आणि सोलापूरला तुमच्या बाळाचं आतडं सोडवतानाही बहुधा तिच्याच पडद्यावर पाणी पुढे सरकताना बघितलं असेल.

मग एक्स-रे कशाला? तर पाण्याचा दाब देण्याआधी आतडं फाटलेलं नाही ना हे बघायला तो उपयोगी पडतो. फाटलं असेल तर हवा आतड्याबाहेर पडून श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली, जमते आणि उभ्या किंवा कुशीवरच्या फोटोत दिसते. अशा बाळाला दाब देणं धोक्याचं, त्याला सरळ ऑपरेशनच. आतडी खूप फुगली आहेत का, आणि गुदाशयापर्यंत हवा पोचते का, हेही फोटो सांगतो. नवजात बाळात तर कधी कधी एक फोटो पुरतो. जठराचा एक आणि ग्रहणीचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा, एक असे हवेचे दोन फुगे दिसले आणि पुढे हवेचा मागमूस नसला, तर ग्रहणी जन्मतः बंद आहे हे कळतं आणि बाळ सर्जनकडे जातं. मुलानं नाणं, बटणासारखा सेल किंवा लोहचुंबक गिळलं असेल तर एक्स-रेला तोड नाही, आणि तिथे ‘किरण नकोत’ म्हणून थांबू नये. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत भाजायला लागतो. दोन चुंबकं आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढून घेतात आणि मधल्या आतड्याला भोक पडतं. पण पाण्यात टाकले की फुगणारे ते रंगीबेरंगी जेलीचे मणी मुलानं गिळले, तर? ते पोटात जाऊन फुगतात, आतडं बंद करतात आणि एक्स-रेत दिसत नाहीत. फोटो नॉर्मल येतो. म्हणून मुलानं काय गिळलं असावं असा संशय असेल तर तसलाच दुसरा मणी किंवा डबी खिशात घालून डॉक्टरकडे न्या.

तुमचा ‘आधी एक्स-रे की नको’ हा प्रश्न मी बदलून घेते. फोटो काढायचं ठरलं की डॉक्टरांना विचारा, ‘यातून तुम्हाला काय बघायचंय? आणि नॉर्मल आला तर पुढे काय?’ चांगला डॉक्टर यावर चिडत नाही. ‘फाटलेलं नाही ना ते बघतो, नॉर्मल आला तरी सोनोग्राफीला पाठवणार आहे’ असं उत्तर आलं तर फोटो बिनधास्त काढा. ‘बघू तरी काय दिसतंय’ असं उत्तर आलं, तर मात्र नॉर्मल फोटोवर विसंबून रात्र काढू नका. निघताना शेवटचं विचारायचं: ‘रात्री काय दिसलं तर यायचं, आणि कुठे?’ तुमच्या बाबतीत नेमका हाच संवाद झाला नाही, असं पत्रावरून वाटतं.

कारण मध्यरात्रीची ती हिरवी उलटी ही खरी घंटा होती. मी हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही, तुम्हाला कुणी ते सांगितलंच नव्हतं. पण हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक आईनं हा रंग लक्षात ठेवावा. फाटलेल्या दुधाची उलटी निराळी, रिकाम्या पोटी होणारी पिवळसर पाण्याची निराळी. गडद हिरवी किंवा पोपटी उलटी म्हणजे पित्ताच्या वाटेच्या खाली कुठेतरी अडलंय असं धरून चालायचं. महिन्याभराच्या आतलं बाळ असेल तर त्याच घटकेला निघायचं, कारण त्या वयात आतडं जन्मतः नीट न बसल्यामुळे त्याला पीळ पडलेला असू शकतो. त्यात काही तासांत जवळजवळ सगळं लहान आतडं काळं पडू शकतं. आणि पीळ पडलेला असतानाही एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो! तिथे सोनोग्राफी किंवा दुधासारखं पांढरं औषध पाजून काढलेले फोटो लागतात. ‘हिरवी उलटी, पण एक्स-रे नॉर्मल’ म्हणून कुणी घरी पाठवत असेल तर नम्रपणे बसून राहा आणि लहान मुलांच्या सर्जनला फोन करायला सांगा.

लाल शीची वाट बघू नये, हेही सांगायला हवं. कळ, पोटात हाताला लागणारा गोळा आणि लाल शी ही पुस्तकातली तीन लक्षणं. ती तिन्ही एकत्र दिसतात अशी मुलं तिघांत एकही निघत नाहीत. काही बाळं तर रडतही नाहीत, नुसती मलूल होऊन पडतात, आणि ‘झोपलंय बिचारं, बरं वाटत असेल’ म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पोट तट्ट फुगणं, शी आणि वारा दोन्ही बंद होणं, उलट्या थांबत नसणं, पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालेलं असणं, यांतलं काहीही असेल तर थेंबांवर काम भागवायचं नाही. आणखी एक गोष्ट घरी करता येते, जी दवाखान्यात घाईगर्दीत राहून जाते: बाळाचा लंगोट पूर्ण सोडा आणि जांघा बघा. एका बाजूला टणक, दाबली की बाळ कळवळतं अशी गाठ असेल तर अडकलेला हर्निया असू शकतो. त्याचं निदान नुसत्या नजरेनं होतं, पण दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचं कुणी सोडून बघतच नाही.

दवाखान्यात जाताना कळ आलेली असतानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ न्या. डॉक्टरांसमोर बाळ नेमकं दोन कळांच्या मधल्या शांततेत असतं आणि हसून दाखवतं, हे मी ओपीडीत कितीदा पाहिलं आहे. खराब झालेला लंगोट धुऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. हिरव्या उलटीचं फडकंही. आणि हिंगाच्या लेपाबद्दल: त्यानं अपाय होत नाही, पण तो लावून दोन तास वाट बघण्यानं होतो. लेप लावायचा तर गाडी येईपर्यंत लावा, सासूबाईंचंही मन राहील.

आता यजमानांबद्दल. त्यांचा संताप मला कळतो. साडेसात महिन्यांचं पोर हातातून जाता जाता वाचलं की कुणावर तरी राग काढावासा वाटतोच. पण ‘फोटोत होतं आणि दिसलं नाही’ हा तक्रारीचा पाया फार कच्चा आहे. संध्याकाळी फोटोत बहुधा काही नव्हतंच. विचारण्यासारखं दुसरंच आहे. कळ येऊन जाऊन येतेय हे तुम्ही सांगितल्यावर त्यांनी आतडं शिरल्याचा विचार केला होता का? सोनोग्राफी सुचवली होती का? तालुक्याच्या ठिकाणी सोनोग्राफीचे डॉक्टर ठरावीक दिवशीच येतात हे तुम्हाला ठाऊक आहे. गर्भलिंगनिदान कायद्याखाली प्रत्येक यंत्राची आणि ते चालवणाऱ्याची नोंदणी लागते. कायदा हवाच, पण त्यामुळे दर दवाखान्यात यंत्र ठेवून कुणीही ते फिरवावं असं होत नाही. नव्हती तिथे सोय, तर ‘सोलापूरला जाऊन या’ असं का म्हटलं नाही, हा प्रश्न उरतोच, आणि तो रास्त आहे.

माझं मत विचाराल तर यजमानांनी आधी फोटो आणि सोलापूरचं डिस्चार्ज कार्ड घेऊन त्या डॉक्टरांना भेटावं. शक्य आहे की पुढे काय झालं हे त्यांना अजून कळलेलंही नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या बाळाला सोनोग्राफीला पाठवलं, तर गावातल्या पोरांचं त्यात भलं आहे. उडवून लावलं तर कागदपत्रं मागा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णानं नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. त्यावर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. तो हक्क तुमचा आहे, मी त्यातून तुम्हाला परावृत्त करत नाही. फक्त तक्रारीत ‘एक्स-रे चुकीचा वाचला’ असं लिहून मोकळे होऊ नका, ती तिथेच पडेल.

सासूबाईंच्या किरणांच्या भीतीला आकडा देते. मोठ्या माणसाच्या पोटाच्या एका एक्स-रेला साधारण ०.७ मिलीसिव्हर्ट (हे किरण मोजायचं माप) किरण लागतात असं धरतात. बाळासाठी यंत्र कमी किरण सोडतं. जमीन, हवा, आकाश यांतून जगात सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलीसिव्हर्ट किरण असेही मिळत असतात. म्हणजे तुमच्या बाळाला लागले ते फार तर दोन-तीन महिन्यांच्या निसर्गाच्या किरणांएवढे. एका फोटोनं काही बिघडलेलं नाही. पोटाचा सीटी स्कॅन मात्र साधारण दहापट किरणांचा असतो. तो मुलांत कारणाशिवाय करू नये, आणि कारण असेल तर अडवू नये. एक्स-रेच्या वेळी बाळाला धरायला जी बाई उभी राहील ती गरोदर नसावी आणि तिला शिशाचा एप्रन मिळावा, एवढं बघा.

रोटाच्या डोसाचं म्हणाल, तर ही शंका हवेतून आलेली नाही. अमेरिकेत जुन्या एका रोटा लशीनंतर आतड्यात आतडं शिरण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि १९९९ मध्ये ती मागे घेतली गेली. ती लस आता वापरात नाही. भारतात २०१६ पासून सरकारी लसीकरणात रोटाची लस आली. इथे बनलेल्या रोटाव्हॅक लशीची पाहणी झाली तेव्हा डोसानंतर हे दुखणं वाढल्याचं आढळलं नाही. शिवाय डोस असतात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. धोका असलाच तर डोसानंतरच्या काही दिवसांतला. साडेसात महिन्यांच्या बाळाला झालेल्या दुखण्याचा सव्वातीन महिन्यांच्या वयात दिलेल्या थेंबांशी संबंध जोडता येत नाही. सासूबाईंना सांगा की रोटाच्या जुलाबानं मुलं दगावतात, म्हणून ही लस आहे. पुढच्या नातवंडाला ती चुकवू नका.

राहिली मुलगी. तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे घरात कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही: ती शाळेत संडासला जात नाही, आणि घरी तीन-तीन दिवस शी होत नाही. पोट दुखतं ते बेंबीपाशी, बहुधा संध्याकाळी, आणि शी झाली की बरं वाटतं. हिचा फोटो काढून काय मिळेल? मळ दिसेल. तो कुणाच्या पोटात नसतो! फोटोतला मळ किती म्हणजे जास्त, यावर दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही, म्हणूनच ब्रिटनमधल्या २०१० च्या आणि युरोप-अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत साध्या बद्धकोष्ठाच्या निदानासाठी सरसकट एक्स-रे काढू नका असं म्हटलं आहे. तिला आडवं झोपवून डाव्या बाजूला खाली हात लावला की डॉक्टरांना मळाचे खडे हाताला लागतात. फोटोपेक्षा तेच खरं.

फोटोचा खर्च वाचवा आणि शाळेत जा. मुलींच्या संडासाला कडी आहे का, पाणी आहे का, मधल्या सुट्टीखेरीज बाई जाऊ देतात का, ते बघा. निम्मं कारण बहुधा तिथेच निघेल. घरी जेवणानंतर दहा मिनिटं बसायची सवय लावा. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा, उकिडवं बसायचा भारतीय संडास असेल तर तो जास्तच चांगला. साठलेला मळ काढायला आणि मग शी मऊ ठेवायला डॉक्टर पावडर देतील. ती चार दिवसांत बंद करायची नसते, काही महिने चालते, आणि ‘सवय लागेल’ या भीतीनं मध्येच सोडली की पुन्हा पहिले पाढे. शाळेत जंताची गोळी १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला मिळाली असेल. नसेल तर डॉक्टरांना विचारून द्या. पोट फुगलेलं आणि उलट्या चालू असताना मात्र घरच्या घरी ती देऊ नका, कारण जंतांचा गोळा अडकलेला असेल तर तो आणखी घट्ट होऊ शकतो.

तिच्या बाबतीत जास्त तपासण्या कधी? रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, बेंबीपासून लांब एका जागीच दुखणं, वजन उतरणं, शीतून रक्त, ताप, हिरवी उलटी. जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवस झालीच नव्हती असं आठवत असेल तर तेही सांगा, कारण आतड्याच्या शेवटच्या भागातल्या मज्जापेशी जन्मतः नसण्याचा एक आजार त्यातून कळतो. त्या आजाराला नाव दिलंय ते याच हिर्शस्प्रुंगचं.

माहेरी जरूर जा. पाण्याच्या दाबानं सोडवलेलं आतडं साधारण दहातल्या एका बाळात पुन्हा शिरतं. त्यातली बरीच बाळं पहिल्या दोन-तीन दिवसांतच परत येतात. तुम्ही दीड महिना पुढे आला आहात. पुन्हा झालं तरी पुन्हा दाब देऊन सोडवता येतं, त्यासाठी लगेच ऑपरेशन लागतंच असं नाही. खाण्यापिण्यामुळे हे होत नाही, त्यामुळे बाळाला तुमच्या आईच्या हातचा मऊ भात, वरणाचं पाणी, आमरस, जे चाललंय ते चालू द्या.

निघण्याआधी मात्र भावाला एक काम सांगा. माहेराजवळ लहान मुलांची सोनोग्राफी रात्री कुठे होते आणि लहान मुलांचे सर्जन कुठे आहेत, हे त्यानं फोन करून विचारून ठेवावं. ‘चोवीस तास’ अशी पाटी बघून येऊ नये, रात्री यंत्र कोण चालवतं ते विचारावं. सोलापूरच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो तुमच्या आणि यजमानांच्या, दोघांच्याही मोबाईलमध्ये असू द्या. पुन्हा तशी कळ आली तर जवळच्या दवाखान्यात पहिलं वाक्य ‘याच्या आतड्यात आतडं शिरलं होतं’ हे असू द्या, गॅस किंवा दात हे शब्द नंतर. मोठ्या गावाला पाठवायचं ठरलं तर १०८ ला फोन करा, वाटेत बाळाला पाजायचं की नाही ते तिथल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि उलट्या चालू असतील तर निघण्याआधी सलाईन व नाकातून नळी घालायची का, हेही विचारा.